सही करणारा डॉक्टर आणि गावी परतलेला जवान

सैन्यातून निवृत्त होणाऱ्या जवानाभोवती शेवटच्या महिन्यांत कागदांचा ढीग जमतो. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, कँटीन कार्ड, आरोग्य योजनेचा अर्ज, मुलांच्या शाळेचे दाखले. ज्या जवानाची वैद्यकीय श्रेणी सेवेत असताना घसरलेली असते, त्याच्यासाठी या ढिगात आणखी एका कागदाची भर पडते. तो म्हणजे रिलीज मेडिकल बोर्डाचा अहवाल. सैनिकी रुग्णालयातील डॉक्टरांचे मंडळ त्याला तपासते, रक्तदाब, साखर, ऐकण्याची क्षमता, सांध्यांची हालचाल यांची नोंद करते आणि शेवटी दोन गोष्टी लिहिते. अपंगत्व किती टक्के आहे, ही पहिली. ते सैनिकी सेवेमुळे उद्भवले अथवा बळावले काय, ही दुसरी. या दोन ओळींवर त्या माणसाच्या पुढील सर्व आयुष्यातील दरमहाच्या प्राप्तीचा एक भाग अवलंबून असतो. तपासणी आटोपते, जवान दाखविलेल्या जागी सही करतो, होल्डॉल बांधतो आणि गावी येतो. डॉक्टर तेथेच राहतो; यथावकाश त्याचीही बदली होते.

पुढे काही महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसचे पत्र येते. विकार सैनिकी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही, सबब अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा अमान्य, अशा आशयाचे ते दोन परिच्छेद असतात. पत्र इंग्रजीत असते. सातारा, सांगली, कोल्हापूर भागातील गावांत असे पत्र पुष्कळदा घरच्यांच्या आधी पेठेतील एखाद्या दुकानदाराने वाचलेले असते. कापडाच्या किंवा किराण्याच्या पेढीवर वर्षानुवर्षे खाते असलेला माणूस असा कागद घेऊन तेथेच येतो. कारण पत्र वाचून त्याचा अर्थ सांगणारा आणि ते पुन्हा नीट घडी घालून परत देणारा विश्वासाचा माणूस गावात तोच असतो. या मासिकाच्या अनेक वाचक-घरांना हा अनुभव नवा नसेल.

पत्र वाचल्यावर जवानाच्या मनात पहिला विचार येतो तो अगदी सरळ असतो. ज्या डॉक्टरसाहेबांनी तपासले त्यांनाच गाठावे आणि सांगावे की साहेब, नोंद चुकली आहे. येथेच अडचणीला आरंभ होतो. अहवालावरील सही लागत नाही. खाली हुद्दा आणि शिक्का असतो. रुग्णालय छावणीत, छावणीला फाटक, फाटकावर पहारा. दूरध्वनी जोडून मिळालाच, तर साहेब बदलून गेलेले असतात. मंडळाचे अध्यक्ष निवृत्तही झालेले असू शकतात. ते भेटले तरी उपयोग नसतो, कारण मंडळाने एकदा दिलेले मत एकट्या डॉक्टरला स्वतःहून बदलता येत नाही. जवानाला हे कोणी सांगितलेले नसते. तो एका दारावरून दुसऱ्या दारावर जात राहतो.

ही दारे पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक दारावरचा माणूस आपापल्या परीने खरे बोलत असतो. ईसीएचएस, म्हणजे १ एप्रिल २००३ पासून सुरू झालेली माजी सैनिकांची आरोग्य योजना, हिची चारशेहून अधिक पॉलिक्लिनिके देशभर आहेत. तेथील डॉक्टर बहुधा कराराने नेमलेले असतात. ते औषध देतात, मोठ्या रुग्णालयाकडे पाठवितात. पण मेडिकल बोर्डाच्या मताला हात लावण्याचा अधिकार त्यांना नाही. निवृत्तिवेतनाची 'स्पर्श' ही संगणकीय व्यवस्था मंजूर रक्कम देते आणि हयातीचा दाखला घेते. आजार कशामुळे झाला हे ती ठरवीत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मार्ग दाखविते, अर्जाला मदत करते, निर्णय देत नाही. रेकॉर्ड ऑफिस कागद जपते व पुढे पाठविते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे खडकीला आहे. तेथे पत्र पाठविले की उत्तर येते. पण त्या उत्तरात डॉक्टर नसतो.

यात आणखी एक अदृश्य भिंत आहे. अठरा-वीस वर्षे ज्याने हुद्द्यापुढे टाच जुळवून उभे राहण्याची सवय केली, तो मेजर किंवा कर्नल दर्जाच्या डॉक्टरला 'हा आकडा बरोबर नाही' असे कसे म्हणणार? बोर्डाच्या नमुन्यात जवानाच्या स्वतःच्या निवेदनासाठी जागा असते. आजार प्रथम केव्हा आणि कोठे जाणवला, सेवेतील कोणत्या घटनेमुळे तो झाला किंवा वाढला असे त्याला वाटते, हे तेथे विचारलेले असते. ही जागा त्याच्या हक्काची. परंतु बहुतेक जण तेथे 'नाही' किंवा 'माहीत नाही' लिहितात, किंवा कारकून सांगेल ते लिहून मोकळे होतात. गावी जाण्याची गाडी ठरलेली असते. पुढे हेच 'नाही' त्याच्या विरुद्ध वाचले जाते.

व्यापारी वाचकाला येथे हिशेब पाहावासा वाटेल, आणि तो पाहण्यासारखा आहे. जुन्या नियमांनुसार शंभर टक्के अपंगत्वाला अपंगत्वाचा भाग म्हणून शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के रक्कम मिळते, आणि कमी टक्क्यांना त्या प्रमाणात. नियत सेवा पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यासाठी वीस टक्के ही किमान मर्यादा आहे. शासनाच्या २००१ च्या आदेशाने आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१४ च्या निकालाने ही टक्केवारी वरच्या टप्प्यात मोजण्याची सवलत मिळाली. पन्नासच्या आतील टक्के पन्नास धरायचे, पन्नास ते पंच्याहत्तर हे पंच्याहत्तर, त्यावरील शंभर. आता चाळीस हजार रुपये शेवटचे वेतन असलेला हवालदार घेतला, तर त्याला पूर्ण अपंगत्वाचे १२,००० आणि पन्नास टक्क्यांचे ६,००० रुपये दरमहा होतात. महागाई भत्ता वेगळा. बोर्डाने वीस टक्के लिहिले आणि सेवेशी संबंध मान्य केला, तर हे सहा हजार आयुष्यभर चालू राहतात. एकोणीस लिहिले, किंवा वीस लिहून संबंध नाकारला, तर हाती शून्य येते. यंत्रावरील एका वाचनाचे इतके मोल क्वचितच कोठे असेल.

आणि वाचन म्हणजे तरी काय? रक्तदाबाचे उदाहरण घ्यावे, कारण निवृत्त जवानांच्या प्रकरणांत हा विकार वारंवार येतो. नाकारण्याचे ठरलेले कारण असे असते की, आजार उद्भवला तेव्हा जवान शांत क्षेत्रात नेमणुकीवर होता, सबब सेवेतील ताणाशी त्याचा संबंध नाही. हे वाक्य वाचताना एक गोष्ट निसटून जाते. रक्तदाब ज्या दिवशी मोजला गेला त्या दिवशी तो सुरू झाला असे मुळीच नसते. हा विकार मुकाट्याने वाढतो. जवान दोन-तीन वर्षे काश्मीरच्या डोंगरात किंवा हिमनदीच्या पायथ्याशी काढतो, मग पलटण देशातल्या एखाद्या छावणीत येते, तेथे वार्षिक तपासणी होते आणि पट्ट्यातील पारा वर चढलेला दिसतो. कागदावर आजाराचे गाव म्हणून त्या छावणीचे नाव लागते. तपासणीची तारीख हीच रोगाची तारीख मानण्याची ही रीत सोयीची खरी, पण ती वैद्यकशास्त्राला धरून आहे असे म्हणता येत नाही. शांत क्षेत्रातील सेवा म्हणजे ताणरहित सेवा नव्हे, असेही न्यायाधिकरणांनी अनेक प्रकरणांत म्हटले आहे.

ऐकण्याच्या तपासणीची गोष्ट याहून गुंतागुंतीची. तोफखान्यातील माणूस वर्षानुवर्षे स्फोटाच्या आवाजात काम करतो. कान जाऊ लागतात. परंतु ही तक्रार त्याने वेळीच नोंदविली तर त्याची वैद्यकीय श्रेणी घसरते, आणि श्रेणी घसरली की बढती आणि सेवावाढ दोन्ही अडचणीत येतात. घरी बहिणीचे लग्न, मुलांची फी. म्हणून तो गप्प राहतो, चाचणीच्या वेळी अंदाजाने 'ऐकू येते' म्हणतो. वर्षानुवर्षे कागद त्याला धडधाकट ठरवीत राहतात. निवृत्तीच्या वेळी हीच धडधाकट वर्षे त्याच्यापुढे ठेवली जातात आणि विचारले जाते की तेव्हा का सांगितले नाही? याला त्याच्याजवळ प्रामाणिक उत्तर असते. मात्र ते उत्तर कोणत्याही नमुन्यात बसत नाही.

सेवेत भरती होताना प्रत्येक उमेदवाराची कसून वैद्यकीय तपासणी होते. अनेक मुले एका दातासाठी, सपाट तळव्यासाठी, रंगांच्या फरकासाठी घरी पाठविली जातात. इतक्या चाळणीतून जो आत घेतला जातो तो त्या दिवशी निरोगी होता, ही शासनाचीच नोंद असते. १९८२ च्या पात्रता नियमांनी याच गोष्टीला कायद्याचे रूप दिले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि पुढे त्या आजारामुळे जवानाला सेवा सोडावी लागली, तर तो आजार सेवेतच उद्भवला असे सामान्यतः मानायचे. तो भरतीच्या तपासणीत उघडकीस येणे शक्यच नव्हते असे मंडळाला वाटत असेल, तर त्याची कारणे मंडळाने लिहिली पाहिजेत. आणि पुरावा देण्याचे ओझे जवानावर टाकायचे नाही. रास्त शंकेचा फायदा त्याला द्यायचा. इतके स्वच्छ नियम असताना दशकानुदशके 'सेवेशी संबंध नाही' एवढे चार शब्द लिहून दावे निकाली निघत राहिले.

याला तोंड फोडणारा निकाल म्हणून धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार हे प्रकरण आता प्रत्येक वकिलाच्या तोंडी असते. हा जवान १४ जून १९८५ रोजी सिग्नल कोअरमध्ये शिपाई म्हणून भरती झाला. १ एप्रिल १९९४ रोजी अपस्माराच्या कारणाने, २० टक्के अपंगत्व लिहून, त्याला सेवेतून कमी करण्यात आले. आजार सेवेमुळे नाही असे मंडळाने म्हटले. का नाही, हे लिहिले नाही. भरतीच्या कागदावर अपस्माराचा उल्लेख नव्हता. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी त्याच्या बाजूने निर्णय दिला, द्विसदस्य खंडपीठाने तो फिरविला, आणि २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जवानाचा हक्क मान्य केला. कारणे न देता दिलेले मत आणि त्यावर यांत्रिकपणे झालेला निर्णय टिकू शकत नाही, हे या निकालाचे सार. सेवेतून बाहेर पडल्यापासून तोपर्यंत एकोणीस वर्षे गेली होती. या सर्व काळात त्या तीन-चार डॉक्टरांपैकी एखाद्याला कोणी बसवून 'हे मत कशावरून?' असे विचारले असते, तर कदाचित एका दुपारी उलगडा झाला असता.

त्याहून आधीचा एक प्रसंग तर अधिकच विलक्षण वाटेल. पूर्वी मेडिकल बोर्डाने दिलेले टक्केही अंतिम नसत. ते कागद अलाहाबादला, म्हणजे आजच्या प्रयागराजला, निवृत्तिवेतनाच्या लेखा कार्यालयात जात. तेथील वैद्यकीय सल्लागार माणसाला न पाहता, केवळ फाइल वाचून टक्केवारी खाली आणीत किंवा सेवेशी असलेला संबंधच पुसून टाकीत. १४ जानेवारी १९९३ रोजी मोहिंदर सिंग या सॅपरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीला आळा घातला. ज्यांनी रोग्याला तपासले त्यांचे मत, ज्यांनी तपासलेच नाही त्यांनी फिरवू नये, इतकी साधी गोष्ट सांगायला देशाचे सर्वोच्च न्यायालय लागले. पेढीवरचा मुनीमही माल न पाहता वजन बदलत नाही.

अलीकडे निकालांचा ओघ बराचसा जवानांच्या बाजूने आहे. मे २०२५ मध्ये राजूमोन टी. एम. यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले की कारणांवाचून दिलेले वैद्यकीय मत ग्राह्य धरता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच प्रकरणांतील केंद्राच्या जवळजवळ ३०० याचिका फेटाळल्या. वाचक येथे थांबून विचारील, निकाल इतके स्पष्ट आहेत तर तीनशे याचिका सरकारने केल्याच कशाला? प्रश्न रास्त आहे. संरक्षणमंत्री असताना गोव्याचे मनोहर पर्रीकर यांनी २०१५ मध्ये याच कारणासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. न्यायालयीन खटले कमी कसे करावेत हा तिचा विषय होता, आणि अपंग सैनिकांविरुद्ध अपिले लढविण्याच्या सवयीवर तिने स्पष्ट बोट ठेवले होते. समितीचा अहवाल आला. अपिले चालू राहिली.

दुसरी बाजूही आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात दिसून आले की अपंगत्व निवृत्तिवेतन घेऊन निवृत्त होणाऱ्यांत अधिकाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा कितीतरी जास्त आहे. खंदकात रात्री काढणारा जवान अधिक धडधाकट आणि अधिकारी अधिक आजारी, असे मानणे जड जाते. कोणाच्या आजाराची नोंद नीट होते आणि कोणाच्या होत नाही, कोणाला कागद वाचता येतो आणि कोण तो न वाचता सही करतो, हा प्रश्न त्यातून उभा राहतोच. शासनाने मात्र यानंतर जीवनशैलीच्या विकारांबाबत निकष अधिक कडक केले. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम लागू झाले. त्यानंतर सेवा सोडणाऱ्यांना ते लागतात, आधीच्यांना जुने. म्हणून कोणाही माजी सैनिकाचा कागद हाती घेताना प्रथम निवृत्तीची तारीख पाहावी.

ही तक्रार भारतापुरतीच आहे असे नाही. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांना तेथील सैनिक-कल्याण खात्याविषयी थोडेफार ऐकून माहीत असेल. तेथे भरपाईसाठीची तपासणी पुष्कळदा खात्याचे नव्हे तर कंत्राटी कंपनीचे डॉक्टर करतात. एकदा भेट होते; मग तो डॉक्टर माजी सैनिकाच्या दृष्टीने नाहीसाच होतो. अहवाल चुकला तर त्याच्याशी वाद घालण्याची सोय नाही. निर्णयानंतर पुनर्विचार मागायचा. फेब्रुवारी २०१९ पासून त्यासाठी तीन वाटा ठेवल्या आहेत. वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, नव्या पुराव्यासह पूरक दावा, किंवा अपील मंडळ. साधारणतः एक वर्षाच्या आत. भरतीच्या वेळी नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असे मानण्याचे आणि शंकेचा फायदा त्याला देण्याचे तत्त्व तेथेही आहे. डॉक्टर न भेटण्याचे दुःख तेथेही तेच.

भारतातील वाट अशी आहे. नकाराचे पत्र आल्यापासून सहा महिन्यांच्या आत पहिले अपील. ते फेटाळले गेले तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरे अपील. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. सदस्यांच्या जागा रिकाम्या राहिल्याने खंडपीठांची कामे वेळोवेळी रखडली आहेत. तरी मार्ग हाच. न्यायाधिकरण नव्याने मेडिकल बोर्ड बसविण्याचाही आदेश देऊ शकते, आणि खऱ्या अर्थाने तेव्हाच जवान पुन्हा डॉक्टरसमोर बसतो. म्हणजे डॉक्टरला गाठण्याची सरळ वाट बंद असली तरी कागदाला कागदाने उत्तर देण्याची वाट उघडी आहे. बहुतेकांचे सहा महिने मात्र डॉक्टरच्या शोधातच सरतात.

अपिलाआधी कागद हाती असायला हवेत. मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची संपूर्ण प्रत, भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल, मधल्या काळातील श्रेणी ठरविणाऱ्या बोर्डांचे अहवाल आणि नेमणुकांच्या ठिकाणांची यादी रेकॉर्ड ऑफिसकडे मागावी. सहज मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. हे चारही कागद एका टेबलावर तारखांनुसार मांडले की पुष्कळ गोष्टी आपोआप बोलू लागतात. रोजमेळ आणि खतावणी ताडून पाहणाऱ्या घरात हे काम अवघड वाटू नये. भरतीचा कागद स्वच्छ आहे काय? मंडळाने मत दिले त्याखाली कारण आहे की नुसता शिक्का? आजार आढळला त्याआधीची दोन वर्षे जवान कोठे होता? जवानाच्या निवेदनातील 'नाही' त्याने स्वतः लिहिले की दुसऱ्याच्या अक्षरात आहे? अपिलात एवढेच चार मुद्दे साध्या भाषेत यावेत. त्यात सीमेवरील शौर्याची वर्णने घालण्याची गरज नसते.

नावाकडेही लक्ष हवे. मराठी माणसाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव सैन्याच्या नोंदीत अनेकदा उलटसुलट होते. आधार कार्डावर एक, पेन्शनच्या आदेशात दुसरे. खासगी प्रयोगशाळेचा अहवाल तिसऱ्याच नावाने काढला, तर चांगला पुरावाही बाजूला पडतो.

खासगी तपासणीचा उपयोग होतो काय, हा प्रश्न समाजाच्या न्यासांनी चालविलेल्या निदान केंद्रांत वारंवार विचारला जात असेल. होतो, पण तो पद्धतशीर केला तर. बोर्डानंतर वर्षाने एकदा घेतलेल्या रक्तदाबाला फारसे वजन नसते. चोवीस तासांची रक्तदाबाची नोंद, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी साखरेची तपासणी, प्रमाणित यंत्रावर काढलेला श्रवण-आलेख, आणि हे सर्व मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून, शक्य तितके बोर्डाच्या तारखेच्या जवळ. असा अहवाल दुर्लक्षिता येत नाही. त्यावर डॉक्टरची वाचता येण्याजोगी सही, नोंदणी क्रमांक आणि तारीख हवी. केंद्रातील डॉक्टरने दयेपोटी 'हा आजार सैन्यातील नोकरीमुळेच झाला' असे लिहून देऊ नये. भरतीचे आणि सेवेचे कागद न पाहता दिलेले असे मत अपिलात उलट अंगाशी येते. कागद पाहून, कारणांसह, विशेषज्ञाने लिहिलेले दोन पानांचे मत मात्र मोलाचे असते. ते विनामूल्य मिळवून देणे ही एखाद्या न्यासाला सहज परवडणारी सेवा आहे, आणि मोफत चष्मेवाटपाच्या शिबिराइतकेच तिला महत्त्व द्यायला हरकत नाही.

आणखी एक तरतूद अशा केंद्रांच्या व्यवस्थापकांनी ध्यानात ठेवावी. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाच्या नोंदी उपचारांपासून तीन वर्षे जपणे आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. जवान सुटीवर गावी आलेला असताना पेठेतल्याच डॉक्टरकडे त्याने छाती धडधडते म्हणून दाखविलेले असते, कान वाजतो म्हणून औषध घेतलेले असते. ती चिठ्ठी कधी कधी संपूर्ण प्रकरणातील एकमेव नागरी पुरावा ठरते. तीन वर्षे झाली की रद्दीत जाणाऱ्या या नोंदी गावातील दवाखान्यांनी आणखी काही वर्षे ठेवल्या, तर कपाटातील एक खण अडेल, इतकेच.

ज्यांचा नकार फार जुना आहे, पत्र पिवळे पडले आहे, अशांनाही वाट पूर्णपणे बंद नाही. निवृत्तिवेतन नाकारले जाणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे हे न्यायालयांनी मानले आहे. तथापि २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, उशिरा आलेल्याला थकबाकी सामान्यतः अर्ज दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे १९९५ साली दावा नाकारला गेलेला जवान आज न्यायाधिकरणात जिंकला, तरी मधल्या पंचवीसहून अधिक वर्षांची रक्कम त्याच्या पदरी येत नाही; पुढची येते. अर्ज जितके महिने लांबेल, तितक्या महिन्यांची थकबाकी मागच्या टोकाकडून गळत जाते.